फ्रायबुर्गच्या गप्पा, खान्देशातल्या गावोगावी

नाताळची सुट्टी लागली की आमचं विद्यापीठ पार रिकामं होतं, सगळी पोरं आपापल्या घरी पळतात, म्हणून यंदा मी पण आधीच तिकीट काढून ठेवलं आणि फ्रँकफर्टहून मुंबई, मुंबईहून रात्रीची गाडी असं करत जळगाव गाठलं. मी जर्मनीत फ्रायबुर्ग नावाच्या शहरात पर्यावरणशास्त्रात मास्टर्स करतेय, त्यात माझा भर पाण्यावर, म्हणजे नद्या, ओढे, भूजल, पूर हे सगळं. घरी आले तर आईनं सगळ्या नातेवाइकांना आधीच शब्द देऊन ठेवलेला की पोरगी भेटायला येईल, त्यामुळे जळगाव, चोपडा, अमळनेर, नंदुरबार, साक्री, धुळे असा आख्खा फेराच झाला. सोबत माझा मामेभाऊ. तो जळगावलाच होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करतो, शेवटचं वर्ष आहे आणि त्याला पण बाहेर शिकायला जायचंय.

हे लिहायला घेतलं कारण जिथं गेले तिथं लोकांनी तेच विचारलं, खर्च किती आला, पॅकेज किती मिळेल, थंडी किती असते, जेवायचे हाल होतात का. प्रश्न बरोबरच आहेत, घरचे पैसे लागलेत, लोन आहे, काळजी वाटणारच. पण तिथं मजा किती येते हे फार कमी जणांनी विचारलं, आणि मला तर सगळ्यात जास्त तेच सांगायचं होतं! शिकायला एवढी मजा येऊ शकते हे मला तिथं जाईपर्यंत माहीतच नव्हतं.

शनिवार, जळगाव

सकाळी मेहरूण तलावावर चक्कर. थंडी मस्त होती, कठड्यावर बसून मेहरूणची बोरं खाल्ली, आंबट-गोड, त्या चवीची बोरं मला दुसरीकडे कुठंच मिळाली नाहीत. भावाच्या डोक्यात फॉरेन म्हणजे उंच उंच बिल्डिंगा, दहा पदरी रस्ते असंच काहीतरी होतं. त्याला सांगितलं की फ्रायबुर्गची लोकसंख्या आहे २ लाख ३० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या जळगावच्या साधारण निम्मी, आणि जुन्या शहरातून दहा मिनिटं चाललं की थेट जंगल सुरू होतं, श्लोसबर्ग नावाची टेकडी आहे तिथून. त्याला पटेना. मग मोबाईलवर फोटो दाखवले, ट्राम, सायकलींच्या रांगा, कॅथेड्रलचा ११६ मीटर उंच मनोरा आणि मागे ब्लॅक फॉरेस्टचे काळपट हिरवे डोंगर.

विद्यापीठ १४५७ सालचं आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून तिथं पोरं शिकतायत. मुख्य जुन्या इमारतीच्या दारात होमर आणि ॲरिस्टॉटलचे पुतळे बसलेत, आणि भिंतीवर कोरलंय की सत्य तुम्हाला मुक्त करेल. मी रोज त्या दारासमोरून सायकल घेऊन जाते आणि रोज वाचते. समोरच लायब्ररी, काळ्या काचेची, तिरक्या भिंतींची, २०१५ ला उघडलेली, शहरातल्या म्हाताऱ्या लोकांना ती अजून आवडत नाही पण मला प्रचंड आवडते. आतून बाहेरचं सगळं दिसतं, पाऊस पडत असला की वरच्या मजल्यावर खिडकीजवळची जागा धरायची आणि बसायचं. कोणी उठ म्हणत नाही, पुस्तक कपाटाला कुलूप लावून ठेवलेलं नसतं, हवं ते आपल्या हातानं काढून घ्यायचं.

भावाला सगळ्यात जास्त आवडली ती टेबल वाजवायची गोष्ट. तिथं लेक्चर संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, सगळी मुलं बोटांच्या गाठींनी बाकावर टकटक करतात. पहिल्या लेक्चरला दोनशे-अडीचशे पोरांनी एकदम टकटक सुरू केली, आधी मी दचकले आणि मग कळल्यावर अंगावर काटाच आला. एका माणसानं दीड तास नदीतल्या गाळाबद्दल सांगितलं आणि पोरं त्याबद्दल त्याला दाद देतायत, रोज, प्रत्येक लेक्चरला. अजून एक म्हणजे वेळापत्रकात दहा लिहिलेलं असलं तरी लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, ही त्यांची जुनी परंपरा आहे. त्या पंधरा मिनिटांत कॉफी घेऊन, सायकल लावून, वर्गात आरामात पोचता येतं.

संध्याकाळी पप्पांचे मित्र आले. शेवभाजी, भाकरी, कांदा, आणि खर्चाचा विषय. तो नीटच सांगितला, कारण कोणाच्या तरी मुलामुलीला उपयोग होईल. जर्मनीत बऱ्याच राज्यांत सरकारी विद्यापीठाला ट्यूशन फी नाही, नुसती सेमिस्टरची वर्गणी असते, पण फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहे तिथं २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे, ते तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ असे आपल्यालाच परत मिळतात. भारतातल्यांना एपीएसचं सर्टिफिकेट पण लागतं, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, त्याला वेळ जातो, म्हणून ते आधी करायचं. शिकता शिकता वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. मी आमच्याच लॅबमध्ये हिवी आहे, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली थोडे तास काम, त्यात खिशाचा खर्च निघतो आणि कामही असं की पैसे दिले नसते तरी केलं असतं.

रविवार, चोपडा

काकांच्या मळ्यात भरीत पार्टी. डिसेंबर-जानेवारीत खान्देशात रविवारी शेतात भरीत नाही झालं तर हिवाळा आला असं वाटतच नाही. ती मोठी हिरवी भरताची वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, वांगी भाजली की सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, वरून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, केळीला पण त्याच वर्षी. मी एवढं जेवले की काकू म्हणाल्या तिथं उपाशी ठेवतात की काय! मग मेन्साचं सांगितलं. मेन्सा म्हणजे विद्यापीठाची मेस, चारेक युरोच्या आत पोटभर गरम जेवण, रोज एकतरी व्हेज पदार्थ असतोच, आणि खरी गंमत ताटात नाही तर टेबलावर असते. लांबच लांब टेबलं, कोणी पण कोणाच्या शेजारी बसतं. माझ्या शेजारी कधी जंगलशास्त्राचा मुलगा, कधी मेडिकलची मुलगी, कधी संगीत शिकणारी, आणि बोलता बोलता एक तास जातो.

जेवण झाल्यावर बाजूच्या मळ्यातले दोन-चार जण आले. केळीचा विषय निघणारच. तिथं केळी कुठून येतात? बहुतेक इक्वाडोर, कोलंबियाची, समुद्रातून जहाजानं आलेली, आणि दुकानात दीड-दोन युरो किलो. हे ऐकून एक आप्पा बराच वेळ गप्प बसले आणि मग हिशोब करत बसले. पण त्यांना जास्त भावली ती विलची गोष्ट. विल म्हणजे फ्रायबुर्गच्या जवळचं, ऱ्हाईन नदीच्या काठचं गाव. तिथं अणुवीज प्रकल्प होणार होता, आणि १९७५ च्या फेब्रुवारीत आजूबाजूचे शेतकरी, द्राक्ष बागायतदार, त्यांच्या बायका, विद्यापीठातले विद्यार्थी असे सगळे जाऊन जागेवरच बसले, महिनोन्‌महिने बसले, आणि शेवटी तो प्रकल्प झालाच नाही. सोलरसाठी फ्रायबुर्ग आज जगात ओळखलं जातं त्याची एक मुळी त्या शेतात आहे. आम्हाला पहिल्या सेमिस्टरला हे शिकवलं, आणि शिकवून थांबले नाहीत, सायकलवर घेऊन गेले त्या भागात. तिथं अभ्यासाला एक्सकर्शन लागतेच, तिचे क्रेडिट असतात, म्हणजे डोंगर चढणं, नदीत उतरणं, शेतकऱ्याशी बोलणं हे सगळं परीक्षेचाच भाग. आप्पा म्हणाले, "आसं शिकाडतस तर मी पन येस." सगळे हसले, पण मला वाटतं आप्पा खरंच आले तर वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतील.

तिथले रविवार पण मला भारी आवडतात. दुकानं सगळी बंद असतात, कायद्यानंच, आधी विचित्र वाटलं पण आता वाटतं बरंय. खरेदी नाही तर मग करायचं काय, तर डोंगरात जायचं. महिन्याच्या तिकिटात ट्राम, बस, लोकल ट्रेन सगळं येतं. शाउइन्सलांड नावाचा १,२८४ मीटरचा डोंगर शहराला लागूनच आहे, रोपवे १९३० पासून चालू आहे, वर गेलं की हवा स्वच्छ असेल तर लांब आल्प्सची रांग दिसते. हिवाळ्यात तर एक अजबच प्रकार होतो, खाली शहर धुक्यात बुडालेलं असतं आणि वर लख्ख ऊन. आम्ही पाच-सहा जण डबा घेऊन जातो, मी मेथीचे पराठे करते, मेक्सिकोचा मित्र त्याला साल्सा लावून खातो आणि अप्रतिम लागतं.

सोमवार, अमळनेर

मावशीकडे. मावशीनं खापरावरची पुरणपोळी केली, ती उलट्या खापरावर हातावरून अशी अलगद टाकतात ना, मी लहानपणापासून बघते पण दर वेळी श्वास रोखून बघते.

दुपारी आम्ही प्रताप तत्त्वज्ञान मंदिरात गेलो. अमळनेर म्हटलं की लोकांना साने गुरुजी आठवतात, ते इथंच प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, किंवा मग विप्रो आठवते, तिची सुरुवात १९४५ ला इथल्या तेलाच्या कारखान्यातून झाली. पण श्रीमंत प्रताप शेठनी १९१६ साली या एवढ्याशा गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढली, देशभरातून लोक इथं येऊन राहून अभ्यास करायचे, ही गोष्ट मला आता जास्त मोठी वाटायला लागलीय. आणि योगायोग बघा, त्याच १९१६ साली एडमुंड हुसर्ल हा तत्त्वज्ञ फ्रायबुर्गला प्रोफेसर म्हणून आला. विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानाची एक मोठी शाखा त्याच्यापासून सुरू होते. एडिथ श्टाइन या बाईंनी त्याच वर्षी त्याच्याकडे डॉक्टरेट पूर्ण केली, तीही फ्रायबुर्गलाच. मुलींना रीतसर प्रवेश द्यायला जर्मनीत सगळ्यात आधी सुरुवात केली ती तेव्हाच्या बाडेन राज्यानं, १९०० साली, फ्रायबुर्ग त्यातच होतं. मी मावशीला हे सगळं त्या आवारातच उभं राहून सांगत होते. मावशी बीए फिलॉसॉफी आहे, लग्नानंतर शिक्षण सुटलं, तिनं एकदम विचारलं की तिथं मोठ्या वयाचे लोक वर्गात बसतात का?

बसतात मावशी! आमच्याकडे पांढऱ्या केसांचे कितीतरी लोक लेक्चरला येऊन बसतात, रिटायर झालेले, परीक्षा नाही, डिग्री नाही, नुसतं ऐकायला म्हणून. वहीत नोट्स पण काढतात. इतिहासाच्या एका लेक्चरला मी सहज म्हणून गेले होते, शेजारी एक आजी होत्या, त्यांनी मला ब्रेकमध्ये सफरचंद दिलं आणि पुढं अर्धा तास माझं जर्मन दुरुस्त केलं. त्यांच्याशी माझी ओळख अजून आहे, आम्ही दर आठवड्याला कॅथेड्रलसमोरच्या बाजारात भेटतो, रविवार सोडून रोज सकाळी तिथं बाजार भरतो, आसपासचे शेतकरी स्वतः भाजी, चीज, फुलं, मध घेऊन येतात. आजींना भाव करायला आवडत नाही, मला आवडतं, पण तिथं चालत नाही.

सेमिनार हा प्रकार पण मावशीला खूप आवडला. पंधरा-वीस जण गोल बसतात, एकानं तयारी करून मांडायचं आणि बाकीच्यांनी सोलून काढायचं, आणि प्रोफेसर पण त्यातलाच एक. मी एकदा म्हणाले की तुमचं हे मॉडेल आमच्याकडच्या पावसाला लागू पडणार नाही, चार महिन्यांत सगळा पाऊस पडतो आणि बाकीचे आठ महिने नदी कोरडी. प्रोफेसर म्हणाले छान, मग पुढच्या आठवड्यात तूच मांड. ती तयारी करताना मी दोन रात्री लायब्ररीत होते आणि इतकी खूश होते की भूकच लागली नाही. आपल्याकडे मी वर्गात असं बोलायची हिंमत कधी केली नसती.

मंगळवार, नंदुरबार

अमळनेरहून सुरत लाइनच्या गाडीनं नंदुरबार. नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा अशी स्टेशनं, डब्यात हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलेल्या बायका, खिडकीतून तूर आणि दादर ज्वारी. आतेबहिणीकडे एक रात्र मुक्काम. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या बघायला गेलो, लांबपर्यंत नुसती लाल जमीन, जवळ गेलं की शिंका थांबत नाहीत. दोन किलो सुकी मिरची घेतली, कारण आमच्या होस्टेलच्या किचनमध्ये माझ्या लाल ठेच्याला गिऱ्हाईक आहे. एका मजल्यावर दहा-बारा जण, एक किचन, व्हिएतनामची, मेक्सिकोचा, इराणची, दोन जर्मन, एक घानाचा. गुरुवारी सगळे मिळून जेवायचं असं आपोआप ठरून गेलंय. व्हिएतनामची मैत्रीण ठेचा भातावर घेते. इराणच्या मैत्रिणीनं मला केशर घातलेला खरपूस भात शिकवला. जेवण झालं की भांडी घासता घासता ज्या गप्पा होतात त्यात मला जगाचा जेवढा भूगोल कळला तेवढा शाळेत कळला नव्हता.

बुधवार-गुरुवार, साक्री तालुका, आजोळ

आता हा भाग मी लांबवणार आहे, कारण पूर्ण सहलीत मला सगळ्यात जास्त आनंद इथं झाला.

आजोळ पांझरेच्या काठावर. आजी दारातच, "माय वं, कितली वाळी गयी!" मग गरम पाणी, चहा, मग मांडीवर डोकं. रात्री तिनं विचारलं, "तठे तुले करमस का?" मी म्हटलं, करमस ना आजी, भलतं करमस. तिला आश्चर्य वाटलं, मग बरं वाटलं, मग म्हणाली सांग मग काय काय शे तठे. एवढ्या दिवसांत कोणीतरी नेमकं हेच विचारलं! मी रात्री बारापर्यंत सांगत होते.

तिला सांगितलं की तिथं रस्त्याच्या कडेनं पाट वाहतात. खोटं नाही आजी, खरंच. फ्रायबुर्गच्या जुन्या शहरात गल्लीगल्लीतून दगडानं बांधलेले छोटे उघडे पाट आहेत, त्यांना बेख्ले म्हणतात, वीतभर-दोन वीत रुंद, त्यात ड्रायझाम नदीचं पाणी आणलेलं आहे, नुसत्या उतारानं वाहतं, पंप नाही, मोटर नाही. तेराव्या शतकापासून त्यांची नोंद सापडते. तेव्हा आग विझवायला, जनावरांना पाजायला वापर होता, आता उन्हाळ्यात पोरं त्यात दोरी बांधलेल्या लाकडी होड्या सोडतात आणि मोठी माणसं चपला काढून पाय टाकून बसतात. चुकून ज्याचा पाय त्यात पडला त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं असं म्हणतात. आजी लगेच म्हणाली, "तू पाय जपीसन ठेव वं माय."

सकाळी मामा म्हणाला, "चाल, तुले बंधारा दखाडस." लहानपणी आम्ही तिथं पोहायला जायचो, पण तेव्हा तो नुसता बंधारा होता. आता मी फड पद्धतीचं काहीबाही वाचून गेलेले, म्हणून डोळे वेगळे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पांझरा, मोसम या नद्यांवर एकामागे एक असे दगडी बंधारे आहेत, ही पद्धत तीनशे वर्षांपेक्षा जुनी मानतात. बंधाऱ्यातून पाट निघतो, उतारानं गावच्या शिवारात जातो, आणि पाण्याखालची जमीन काही फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एकात ऊस तर एकात गहू, दरवर्षी ठरवून बदलायचं, आणि बहुतेक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात थोडा थोडा असतो. त्यामुळे पाणी कमी आलं तर एखादा फड सोडून देतात आणि तोटा सगळ्यांना सारखा वाटला जातो, एकाच माणसाचं वाटोळं होत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि पाट साफ करायचा दिवस आला की सगळ्या गावानं उतरायचं. वर लाटीपाड्यासारखी धरणं झाली, विहिरी-बोअर झाले, तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी फड मोडले किंवा अर्धेमुर्धे राहिले. मामाच्या शिवारात थोडं अजून चालू आहे.

मी मामाला सांगितलं की फ्रायबुर्गला पण पाट झाडायला पगारी माणसं आहेत, बेख्लेपुट्सर म्हणतात, लांब दांड्याचा झाडू घेऊन फिरतात, आणि शरद ऋतूत कालव्यांचं पाणी बंद करून सगळं साफ करतात, डागडुजी करतात. मामा थांबलाच. म्हणाला, आपला जुना पाटकरी अजून आहे, चल त्याच्याकडे. पाटकरी बाबा ऐंशीच्या घरातले, ओट्यावर उन्हात बसलेले. मी फोनवर त्यांना बेख्ले साफ करतानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो हातात धरून नीट बघितला आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर उतार किती ठेवलाय. मी इतकी खूश झाले! माझ्या वर्गात पण पहिला प्रश्न हाच आला होता. मग त्यांनी सांगितलं की पाटाला उतार जास्त झाला तर पाणी माती खातं, कमी झाला तर गाळ बसतो, आणि ते पायानं कळतं, पाटात उभं राहिलं की. आमच्या प्रोफेसरांनी हेच फळ्यावर समीकरणानं सांगितलं होतं.

दुपारी आम्ही पाटातलं पाणी मोजलं. तिथं ड्रायझामच्या वरच्या ओढ्यांत आम्ही मीठ टाकून मोजतो, म्हणजे वजन करून मीठ विरघळवायचं, ओढ्यात ओतायचं, आणि खाली उभं राहून पाण्याची विद्युतवाहकता कशी वाढते आणि उतरते ते यंत्रावर टिपायचं, त्यावरून सेकंदाला किती लिटर पाणी जातंय ते निघतं. गमबूट घालून बर्फासारख्या पाण्यात उभं राहायचं, एकानं ओरडायचं "टाकलं!" आणि दुसऱ्यानं घड्याळ चालू करायचं, माझा तिथला सगळ्यात आवडता दिवस म्हणजे हा. इथं यंत्र नव्हतं म्हणून दुसरी पद्धत घेतली. दहा मीटर टेपनं मोजले, पाटाची रुंदी-खोली घेतली, वरून लिंबू सोडलं आणि मोबाईलवर वेळ घेतली. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं. मामेभाऊ लिंबं सोडत होता, मामा टेप धरून, गल्लीतली सगळी पोरं काठावर, प्रत्येकाला लिंबू सोडायचं होतं. मामी घरातून ओरडत होती की सगळी लिंबं संपवू नका, वरणाला ठेवा. पाटकरी बाबा काठी टेकत आले आणि मोजायच्या आधीच बोलले की एवढ्या पाण्यात एका रात्रीत किती बिघे भिजतील. आम्ही हिशोब केला तर त्यांच्याजवळच आला.

"पानी गावनं शे, एकलानं नही," ते जाताना म्हणाले. संध्याकाळी मी प्रोफेसरांना बंधाऱ्याचे, पाटाचे आणि लिंबाचे फोटो मेल केले.

रात्री वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वरून तूप आणि लिंबू. दोनच लिंबं उरली होती.

शुक्रवार, धुळे

मामाच्या बाईकवर साक्री, तिथून बसनं धुळे. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, सरळ रेषेत आखलेल्या, ब्रिग्ज नावाच्या इंग्रज साहेबानं १८१८ नंतर वसवलेल्या पेठा. राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आलो, इतिहासकार वि. का. राजवाडे धुळ्यातच वारले १९२६ ला आणि पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. एका माणसानं गावोगाव फिरून, पायपीट करून जुने कागद जमवले. मला तिथं लायब्ररीत बसल्यावर जे वाटतं तसंच इथं वाटलं.

दुसरं म्हणजे इंजिनिअर विश्वेश्वरय्या. त्यांची नोकरी सुरू झाली १८८४ ला आणि अगदी सुरुवातीचं काम होतं ते धुळे भागात, पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाइपनं पाणी पलीकडे न्यायचं, सायफन. ऐन पावसाळ्यात काम अडलं होतं तरी त्यांनी ते पूर्ण केलं. माझ्या विषयातला एवढा मोठा माणूस चोविसाव्या वर्षी माझ्या आजोळच्या नदीवर शिकला, हे मला फ्रायबुर्गच्या मित्रांना कधी सांगते असं झालंय.

संध्याकाळी मावसबहिणीच्या कॉलेजच्या चार-पाच मुली घरी आल्या. एकीचे वडील हमाली करतात, एकीची दहा एकर कोरडवाहू, मार्क सगळ्यांचे उत्तम. त्यांनी वह्या काढल्या, मी जे माहीत होतं ते सांगितलं, इंग्रजीतून शिकवणारे मास्टर्स कुठे शोधायचे, जर्मन भाषा इथूनच का सुरू करायची, जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास. मग एकीनं हळूच विचारलं, ताई, तिथं रात्री एकटं फिरता येतं का. तिला सांगितलं की मी लायब्ररीतून रात्री अकराला सायकलवर नदीकाठच्या रस्त्यानं खोलीवर येते, हवा थंड असते, ड्रायझामचा आवाज येत असतो, आणि मी गाणं म्हणत येते, मोठ्यानं. ती वहीत काहीच लिहीत नव्हती, नुसती बघत होती. आणि परत परत विचारत होती, रोज? हो, रोज.

निघायच्या आधी प्रोफेसरांचं उत्तर आलं, सुट्टी असूनही. त्यांनी चारच ओळी लिहिल्यात. दुष्काळी वर्षात कोणता फड सोडायचा हे नक्की कोण ठरवतं, त्याची कुठं लेखी नोंद आहे का, आणि थीसिस म्हणून याचा विचार करशील का. मी तिथंच मामाला फोन लावला. मामा म्हणाला जुन्या पंचांच्या वह्या देवळाच्या पेटीत असायच्या, उद्या बघतो, पण पाटकरी बाबांना विचारायला तूच ये, ते मला नीट सांगणार नाहीत. तर फेब्रुवारीत परीक्षा झाली की मार्चमध्ये परत येतेय, यंत्र सोबत घेऊन. मिठाची पिशवी मामी देणार आहे.